गाठीभेटी

पोटात दुखत असेल तर ते आपलं आपल्यापाशी राहतं. गुडघ्याला काही झालं तर साडी झाकून घेते. मनगटाच्या पाठीवर मात्र काही उगवलं, की ते खासगी राहत नाही. तो हात दुधाची पिशवी घ्यायला पुढे होतो, कंडक्टरकडून सुटे घ्यायला पुढे होतो, मस्टरवर सही करतो, पंगतीत भाताचं भांडं घेऊन फिरतो. माझ्या उजव्या मनगटावर वाटाण्याएवढी गाठ आली, ती मला दिसायच्या आधी दूधवाल्याला दिसली.

"बाई, हाताला काय झालंय ओ?"

"कुठं?"

"त्ये बगा की, मनगटावर. हाडाचं असंल." आणि पिशवी माझ्या हातात ठेवून तो वरच्या मजल्याला लागला. माझं पहिलं निदान असं दारात आणि फुकटात झालं. पुढची बरीचशी निदानंही फुकटच झाली. एकाचेच पैसे पडले, आणि नेमकं तेच घरात कुणाला पटलं नाही.

मी भूगोल शिकवते. त्यामुळे सवयीनं आधी स्थान, विस्तार आणि उंची पाहून घेतली. स्थान : उजव्या मनगटाची मागची बाजू, मधोमध, किंचित अंगठ्याकडे. विस्तार : वाटाणा. उंची : हात खाली वाकवला तर ठळक, वर वळवला तर जवळजवळ सपाट. पृष्ठभाग गुळगुळीत, दाबल्यावर थोडा दबणारा. दुखत म्हणावं तर दुखत नव्हतं, आणि नाही म्हणावं तर पाच वर्गांत फळ्यावर लिहून झाल्यावर आत काहीतरी कुरकुरत होतं.

स्टाफरूममध्ये मी ही माहिती कुणाला दिली नव्हती. पण स्टाफरूममध्ये माहिती द्यावी लागत नाही. गणिताच्या मॅडमनी माझा हात धरून अंगठ्यानं गाठ दोनदा दाबली आणि "चरबीची आहे" असं उत्तर एका पायरीत काढलं. विद्यार्थ्यांनी असं उत्तर काढलं तर त्या गुण कापतात. पी.टी.चे सर तालमीत वाढलेले. त्यांनी लांबूनच पाहिलं. "ही फोडायची असती. आमचे वस्ताद अंगठा ठेवून असं दाबायचे. फट्दिशी आवाज यायचा." त्यांनी आवाज तोंडानं काढून दाखवला. "मग जायची का?" मी विचारलं. "जायची की. परत यायची, मग परत फोडायची." म्हणजे वस्तादांना काम कायम होतं.

फोडण्याच्या या उपायाचा इतिहास मोठा आहे, हे मला नंतर कळलं. इंग्रजी बोलणाऱ्या मुलखात या गाठीला पूर्वी 'बायबल बंप' म्हणत. हात टेबलावर ठेवायचा आणि घरातला सगळ्यात जाड ग्रंथ तिच्यावर आपटायचा. तिकडे बहुतेक घरांत सगळ्यात जाड ग्रंथ म्हणजे बायबल, म्हणून ते नाव. मी हे स्टाफरूममध्ये सांगितलं आणि सगळ्यांच्या नजरा एकाच वेळी ग्रंथालयाच्या कपाटाकडे वळल्या. तिथे मराठी विश्वकोशाचे खंड आहेत. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली १९७६ साली पहिला खंड निघाला, पुढे होत होत वीस झाले. त्यातले आमच्याकडे जितके आहेत तितके अगदी कोरे आहेत. मराठी शाळेत विश्वकोशाचा एखादा खंड कुणीतरी आपणहून मागितल्याचा तो पहिलाच प्रसंग असावा. पी.टी.च्या सरांनी दोन खंड हातात तोलूनही पाहिले. मी हात पदराखाली घेतला.

ग्रंथ आपटल्यावर गाठ दिसेनाशी होते, हे खरं आहे. आतला द्रव आजूबाजूला पसरतो आणि शरीर तो शोषून घेतं. पण गाठीचा देठ आत सांध्याला चिकटलेला असतो, तो तसाच राहतो आणि काही दिवसांनी पुन्हा भरायला लागतो. शिवाय मनगटात आठ छोटी हाडं दाटीवाटीनं बसलेली आहेत. ग्रंथ त्यांच्यावरही पडतो. गाठीपायी गेलेला माणूस प्लास्टर घालून परत येऊ शकतो. विश्वकोशात ज्ञान भरपूर आहे, पण ते देण्याची ही रीत नव्हे.

स्टाफरूमनंतर आमच्या सांगलीत संक्रांतीची हळदीकुंकवं आली. हळदीकुंकवाला जाताना साडी, तिळगूळ, वाणाची पिशवी या सगळ्याचा विचार करून बाई निघते, पण हाताच्या पाठीवर अत्तर लावतात हे तिच्या लक्षात राहत नाही. पहिल्याच घरी अत्तराची काडी फिरता फिरता गाठीशी अडखळली. यजमानीणबाईंनी काडी बाजूला ठेवली, चष्मा लावला आणि आतल्या खोलीतल्या जावेला हाक मारली. मग जाऊ, तिची आई, कोपऱ्यातल्या आजी. माझा हात एकीच्या हातातून दुसरीच्या हातात असा फिरला, की वाण माझं मीच उचलून घेतलं. आजींनी शिशाचा तुकडा बांधायला सांगितला. शिसं कुठून आणू म्हटल्यावर जुना तांब्याचा पैसा चालेल म्हणाल्या. जाऊबाईंच्या आईनं आवाज खाली आणून सांगितलं, "सकाळी उठल्या उठल्या चूळ भरायच्या आधीची थुंकी लावायची. कुणाशी बोलायचं नाही. बोललं की गुण जातो."

आमची आत्याही हेच सांगायची, पण आत्याला वैद्यक कुणी शिकवलं नव्हतं. लोरेन्ट्स हाइस्टरला शिकवलं होतं. हा अठराव्या शतकातला मोठा जर्मन शल्यवैद्य, त्याचा शस्त्रक्रियेवरचा ग्रंथ युरोपभर वाचला जायचा. अशाच गाठीवर त्यानं नोंदवलेला उपाय असा : रोज सकाळी उपाशीपोटीची थुंकी चोळावी आणि वर शिशाची पट्टी कित्येक आठवडे बांधून ठेवावी. म्हणजे आमची आत्या, सांगलीतल्या त्या आजी आणि जर्मनीतले हाइस्टरसाहेब यांचं या बाबतीत एकमत आहे. हाइस्टरच्या यादीत आणखी एक उपाय आहे, त्यात मात्र आपल्या बायका मागे पडल्या : ज्या गोळीनं रानातलं जनावर, त्यातही सांबरासारखं शिंगवालं हरीण मारलं गेलं असेल, ती गोळी गाठीवर बांधावी. आमच्या जिल्ह्यात सागरेश्वरचं अभयारण्य आहे आणि त्यात सांबरंही आहेत. पण हा उपाय करायला निघालेली बाई गाठीसकट वनखात्याच्या ताब्यात जाईल. याही आधी, ग्रीसमध्ये हिप्पोक्रेटिसनं या गाठींचं वर्णन बुळबुळीत मांस भरलेल्या गाठी असं करून ठेवलं होतं. दोन हजारांहून अधिक वर्षं माणूस आपल्या मनगटाकडे पाहून बेचैन होतो आहे.

घरी हळद सुरू झाली. सांगलीत राहून हळद लावायची नाही, असं चालत नाही. इथल्या बाजारात हळदीचे सौदे होतात, हवेला हळदीचा वास असतो, आणि प्रत्येक सासूबाईंकडे ती कुठल्या पेठेतून कुणाकडून आणायची याचं स्वतंत्र मत असतं. सासूबाईंनी हळद आणि चुना कालवून गरम लेप घातला. रात्री लावलेला लेप सकाळी धुतला, पण हळद ही सांगलीची होती. ती तशी जात नाही. पिवळा हात घेऊन मी सातवीच्या वर्गात मोसमी वाऱ्यांची दिशा दाखवत होते. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, घरात लगीन हाय?" पुढच्या बाकावरच्या मुलीनं वळून त्याला गप्प केलं आणि मग स्वतःच हळूच विचारलं, "कुणाचं ओ बाई?"

यजमानांनी यात फारसा भाग घेतला नाही. "काही नसतं ते," एवढं म्हणून ते पेपरात शिरले. रात्री अकरा वाजता मात्र कपाटातला वरचा खण उघडल्याचा आवाज आला. बघते तर ते मेडिक्लेमची फाइल वाचत होते. मग मीही मोबाइल उघडला. गाठ हा शब्द मोबाइलमध्ये टाकला, की तिसऱ्या ओळीत माणूस कॅन्सरपाशी येतो आणि पहाटेपर्यंत तिथेच बसतो. यात मी एकटी नाही. २००० साली ब्रिटनमधल्या काही डॉक्टरांनी ही गाठ घेऊन आलेल्या ५० रुग्णांना विचारलं, की बाबांनो, आलात कशासाठी? दुखतं म्हणून आलेले होते साधारण चौथा हिस्सा. त्याहून थोडे जास्त होते कॅन्सरची भीती वाटते म्हणून आलेले. आणि सगळ्यात मोठा गट होता दिसायला बरं दिसत नाही म्हणून आलेल्यांचा. म्हणजे दुखण्याचा नंबर तिसरा. गाठ तिथंही दूधवाल्यालाच आधी दिसत असणार.

आता खरं सांगायचं तर ही गाठ कॅन्सरची नसते आणि कॅन्सरमध्ये बदलतही नाही. पण हे वाक्य माणसाला मोबाइलवर पटत नाही. ते डॉक्टरच्या तोंडून, खुर्चीत बसून, पैसे देऊन ऐकावं लागतं. त्यासाठी सांगलीकर मिरजेला जातो. वानलेससाहेबांनी १८९४ साली तिथे मिशनचं हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून आसपासच्या जिल्ह्यांचा आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकाचाही आजार मिरजेला उतरतो. तिथे चहाच्या गाड्यावर उभं राहिलं तरी दोन रिपोर्ट वाचून मिळतात.

मी गेले त्या दवाखान्यात हाताचेच डॉक्टर बसतात. केसपेपर काढून बाकावर बसले. शेजारी अथणीकडचे एक आजोबा होते. मधल्या बोटाच्या टोकाशी, नखाच्या मुळाला त्यांची गाठ. तीही याच कुळातली, पण उतारवयात झिजलेल्या सांध्यावर येणारी. तिचा दाब नखाच्या मुळावर पडला होता, म्हणून नखावर उभी पन्हळ पडली होती. आजोबांनी घरी ती सुईनं टोचली होती आणि मग बोट सुजून लाल झालं होतं. आत डॉक्टर त्यांना रागावत होते ते बाहेरही ऐकू येत होतं : ती गाठ थेट सांध्याला जोडलेली असते, टोचली की जंतू सरळ सांध्यात जातात. आजोबा बाहेर आले आणि बाकावरच्या सगळ्यांना उद्देशून म्हणाले, "सुई गरम केलती की मी."

माझी पाळी आली. डॉक्टर तरुण होते, निवांत होते. कधीपासून, किती वाढली, कमीजास्त होते का, बोटांना मुंग्या येतात का, एवढं विचारलं. मग मदतनिसाला म्हणाले, "दिवा घालव." खोलीत अंधार झाला आणि त्यांनी बारीक टॉर्च माझ्या गाठीला बाजूनं टेकवला. गाठ उजळली. लालसर, आरपार. इतके दिवस जिला सगळे दाबत होते, चोळत होते, जिच्यावर लेप घालत होते, तिच्यात एकदा उजेड पाडून पाहावं असं कुणाला सुचलं नव्हतं. "भरीव गाठ असती तर उजेड अडला असता," डॉक्टर म्हणाले. "हिच्यात द्रव आहे. गँग्लियॉन. हाताच्या गाठींमध्ये सगळ्यात जास्त आढळणारी हीच. एक्स-रेची गरज वाटत नाही, एमआरआयची तर नाहीच."

"मग हिला करायचं काय?"

"काही नाही."

मी थांबले. डॉक्टरांच्या 'काही नाही'नंतर एक 'पण' असतं अशी आपली सवय. ते पण आलंच नाही. तेव्हा मला मिरजेला आल्याचं पहिल्यांदा वाईट वाटलं.

बहुधा माझा चेहरा पाहून त्यांनी केसपेपर उलटा केला आणि मागे चित्र काढून दाखवलं. मनगटाच्या आठ हाडांपैकी एक होडीच्या आकाराचं, त्याला खेटून दुसरं चंद्रकोरीचं. दोघांना बांधून ठेवणारा एक छोटा अस्थिबंध असतो. मनगटाच्या मागच्या बाजूला येणाऱ्या बहुतेक गाठी तिथून निघतात, आणि हाता-मनगटाच्या सगळ्या गँग्लियॉनमध्ये या मागच्या बाजूच्या साठ-सत्तर टक्के भरतात. सांध्यात वंगणासारखा द्रव असतोच. त्याच जातीचा, पण कितीतरी घट्ट, चिकट आणि पारदर्शक द्रव या पिशवीत साठतो. पिशवीला आतून नीट अस्तरही नसतं, त्यामुळे काटेकोर पाहिलं तर ही पुरी 'सिस्ट'सुद्धा नाही. देठाची वाट एकेरी असावी असं मानतात : सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह हवा आत घेतो आणि बाहेर सोडत नाही, तसंच. म्हणून काम झालं की ती फुगते, आराम मिळाला की हळूहळू ओसरते. बायकांमध्ये पुरुषांच्या सुमारे तिप्पट आढळते, बहुतेक वेळा विशी ते चाळिशीत. जिमनॅस्टिक्स करणाऱ्यांनाही होते, कारण त्यांचा सगळा भार उलट वळलेल्या मनगटावर. पण नेमकी का होते, याचं ठाम उत्तर वैद्यकाकडे नाही.

"त्या द्रवात असतं काय?"

"मुख्य म्हणजे हायलुरोनिक ॲसिड."

हे नाव मी ऐकलेलं होतं. माझी पुण्याची भाची तोंडाला लावायचं एक सीरम मागवते, त्याच्या बाटलीवर हेच नाव मोठ्या अक्षरांत असतं आणि किंमत बारीक अक्षरांत. बाटलीत असलं की त्याचं तेज असतं, मनगटात असलं की त्याची गाठ होते. मी भाचीला फोन करून सांगितलं, तर ती म्हणाली, "मावशी, काढू नको हं. साठव."

मी निघताना डॉक्टरांनी मला परत बोलावलं ते एवढ्यासाठी : गाठ भराभर वाढली, लाल झाली, तापली, बोटं बधिर पडायला लागली किंवा मूठ वळताना ताकद कमी वाटली, तर दाखवायला यायचं. टॉर्चचा उजेड जिच्यातून जात नाही अशा गाठीची सोनोग्राफी करायचीच. आणि मनगटाच्या पुढच्या बाजूला, नाडी पाहतात तिथे आलेली गाठ असेल तर कुणालाही सुई घालू द्यायची नाही. तिथे धमनी अगदी गाठीला लागून, कधी तिच्यावर ताणलेलीही असते. वस्तादांचा अंगठा तिथे कधी पडला नसेल अशी आशा करायची.

घरी आल्यावर जबानी झाली.

"गोळ्या?" सासूबाई.

"नाहीत."

"मलम?"

"नाही."

"पट्टा तरी?"

"फार दुखलं तरच, थोडे दिवस."

"मग पैसे कशाचे घेतले?"

"काही करू नका, असं सांगितल्याचे."

सासूबाईंनी यजमानांकडे पाहिलं. यजमानांनी फाइलकडे पाहिलं. 'काही करू नका' हे मेडिक्लेममध्ये बसत नाही. शेजारच्या काकूंना तर हा माझा अपमान वाटला. "एवढ्या लांब गेलीस आणि साधं इंजेक्शनसुद्धा दिलं नाही?" त्यांनी दुसऱ्या डॉक्टरांचं नाव सुचवलं, ते 'काहीतरी करतात' म्हणून. आपल्याकडे डॉक्टर नावाजला जातो तो असा. जो काही करत नाही त्याच्याकडे पदव्या असतील, पण हातगुण नाही.

करता येत नाही असं नाही. गणिताच्या मॅडमच्या धाकट्या बहिणीनं सुई घालून घेतली होती. आतला द्रव इतका घट्ट, की साध्या सुईतून तो येतच नाही, जाड सुई लागते. पाच मिनिटांत हात सपाट. तिनं फोटो टाकला, त्याला खूप अंगठे मिळाले. पुढे गाठ परत आली, तो फोटो तिनं टाकला नाही. दुसरा मार्ग शस्त्रक्रियेचा : गाठ देठासकट, सांध्याच्या आवरणाचा थोडा भाग घेऊन काढतात. नुसता फुगा काढला आणि देठ ठेवला तर सगळी मेहनत वाया. दुर्बिणीतूनही काढतात. गाठीच्या जागी मग व्रण राहतो, काही दिवस मनगट आखडतं, कधी हाताच्या पाठीवर एखादी जागा बधिर राहते. आणि इतकं करूनही ती पुन्हा येऊ शकते. बोटाच्या मुळाशी हरभऱ्याएवढी कडक गाठ येते, ती बसचा दांडा धरताना किंवा बत्त्यानं कुटताना खुपते. तिथे सुईचा गुण बरा येतो असं डॉक्टर सांगतात. दुखणं खरोखर कामात आड येत असेल, हातावर भार देता येत नसेल, तर शस्त्रक्रिया करून घेण्यात काही वावगं नाही. माझं म्हणणं बाकीच्यांबद्दल आहे, म्हणजे माझ्यासारख्यांबद्दल.

इंग्लंडमधल्या हाताच्या डॉक्टरांनी २००७ साली एक हिशेब छापला. मनगटाच्या मागच्या बाजूला गाठ असलेल्यांना त्यांनी सुमारे सहा वर्षांनी पत्र पाठवून विचारलं, त्यातल्या २३६ जणांनी उत्तर दिलं. काहींची गाठ कापून काढली होती, काहींची सुईनं उपसली होती, काहींना काहीच केलं नव्हतं. सुईवाल्यांपैकी ५८ टक्क्यांची गाठ परत आली. कापून काढलेल्यांपैकी ३९ टक्क्यांची. ज्यांना काहीच केलं नाही त्यांच्यातल्या साधारण निम्म्यांची आपोआप गेली. दुखण्यात तिन्ही गटांत फार फरक उरला नव्हता. नंतरच्या काळात काही ठिकाणी शस्त्रक्रियेचे आकडे याहून चांगले आलेत, हेही खरं. पण त्या हिशेबातली जी ओळ मला वाचून उठवेना, ती वेगळीच आहे : सगळ्यात समाधानी होते शस्त्रक्रिया झालेले, आणि ज्यांची गाठ परत आली तेसुद्धा!

गाठ मनगटावर तशीच बसलेली आहे, शेजारी टाक्यांचा व्रण आहे, आणि माणूस खूश आहे. कारण त्यानं काहीतरी केलं. शेजारच्या काकू साहेबाच्या देशातही आहेतच, त्यांनाही उत्तर द्यावं लागतं. "काय केलंस मग?" या प्रश्नाला "ऑपरेशन" हे एका शब्दाचं उत्तर आहे. "वाट पाहतेय" म्हटलं की पुढची अर्धी संध्याकाळ जाते. हे दुखणं मनगटाचं कमी आणि पाहणाऱ्यांचं जास्त आहे, असं माझं मत झालं आहे, आणि त्यांच्यासाठी अजून कुणी सुई काढलेली नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत खडू नाही, पेपर तपासणं नाही, त्यामुळे गाठ बसत गेली. जूनच्या आधी ती चाचपूनच सापडत होती. आणि मग श्रेयाचे धनी उभे राहिले. सासूबाईंनी हळदीचं पोतं दाखवलं. काकूंनी नवसाची आठवण करून दिली, तो मी बोललेच नव्हते, त्यांनी माझ्या वतीनं बोलून ठेवला होता. आता तो फेडायला गणपतीला मोदक मलाच न्यायचे होते. अत्तरवाल्या घरच्या आजींचा निरोप आला, "थुंकी लावली होतीस ना?" यजमान म्हणाले, "मी म्हटलं होतं, काही नसतं." शाळा सुरू झाली, वह्यांच्या गठ्ठ्यांबरोबर गाठ परत वर आली. आता कुणीच काही म्हणत नाही. नुकसानीचा दावा कुणावर करायचा ते कळत नाही.

सूर्यनमस्कारात हात उलटा टेकला की कळ येते, म्हणून मी मुठीवर भार घेते. घड्याळाचा पट्टा गाठीच्या वर सरकवला. बाकी चपात्या, फळा, प्रगतिपुस्तकं सगळं चालू आहे. अत्तर डाव्या हाताला लावून घेते.

आमच्या शाळेच्या शिपाईमावशींच्या डाव्या मनगटावर माझ्याहून मोठी गाठ होती. आवळ्याएवढी. दोन मजल्यांचे वर्ग झाडणं, पाणी भरणं, घंटा देणं, घरी गेल्यावर म्हशी. परवा त्या हजेरीपट घेऊन आल्या तेव्हा सहज लक्ष गेलं, तर मनगट सपाट.

"मावशी, गाठ कुठं गेली हो?"

त्यांनी हात उलटासुलटा करून पाहिला. "गेली व्हय? बघितलंच न्हाई मी."

"काय लावलंत?"

"लावाय वेळ कुणाला हाय बाई?" आणि त्या घंटा द्यायला गेल्या.

तेव्हा मनगटावर गाठ दिसली, तर एकदा चांगल्या डॉक्टरांकडे जा, टॉर्च लावून घ्या, आणि गँग्लियॉन आहे म्हणाले तर घरी येऊन आपल्या कामाला लागा. दुसऱ्याच्या मनगटावर दिसली, तर कृपा करून दाबू नका. आणि विश्वकोश हातात घेतलाच असेल, तर उघडून वाचा.